डोकं चमकतं म्हणून घरात बसू नका



आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. केस काढलेलं किंवा गेलेलं डोकं चकाकतं, ती चकाकी कमी कशी करायची, हा आजचा विषय. हसलात तरी हरकत नाही. आमच्या एका गटाच्या बैठकीत हा प्रश्न पहिल्यांदा निघाला तेव्हाही दोघी-तिघी हसल्या. पण विचारणाऱ्या ताई हसत नव्हत्या. त्यांचे कर्करोगाचे उपचार चालू होते, केमोचे तीन डोस झाले होते आणि डोक्यावर एकही केस राहिला नव्हता. दोन महिने त्यांची बचत मुलगी आणून देत होती. त्या दिवशी कर्जाच्या कागदावर सही हवी म्हणून त्या स्वतः आल्या, दाराशीच बसल्या आणि म्हणाल्या, "यायची ताकद आहे गं अंगात. पण तुमच्या त्या ट्यूबखाली डोकं ताटासारखं चमकतं. मी बोलते हप्त्याचं, आणि समोरची बघते डोक्याकडं. पदर घेतला तर तो ठरत नाही."

मग आम्ही चौकशी केली. दवाखान्यातल्या सिस्टरना विचारलं, त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं, गावातल्या सलूनवाल्या दादांना विचारलं आणि पार्लर चालवणाऱ्या आमच्याच गटातल्या ताईंनाही. चौघांकडून चार गोष्टी कळल्या. त्यातल्या काही आम्ही करून पाहिल्या. त्याच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे समजून घेऊ, की डोकं चमकतं का. घासून पुसून कोरडं केलेलं स्टीलचं ताट उन्हात धरा. डोळ्यावर तिरीप येते. आता त्याच ताटावर चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरा आणि पुन्हा धरा. तिरीप गेली. ताट तेच, ऊन तेच. गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड सगळा एकाच दिशेनं परत येतो, म्हणून ते चकाकतं. पृष्ठभाग जरा खरखरीत झाला की उजेड चहूकडे विखुरतो आणि चकाकी मरते. शेणानं सारवलेली जमीन चमकत नाही, पॉलिश केलेली शहाबादी फरशी चमकते, त्याचंही कारण हेच.

डोक्याच्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी भरपूर असतात. केस असतात तेव्हा हे तेल केसांवर पसरतं. केस गेले की ते कातडीवरच राहतं. म्हणजे चकाकीची कारणं दोन, एक गुळगुळीतपणा आणि दुसरं तेल. आपल्या बाबतीत कोणतं कारण मोठं आहे ते आधी बघायचं, कारण उपाय त्यावर ठरतो. बघायची रीत सोपी आहे. डोकं धुतल्यावर दोन-तीन तासांनी एक पातळ कागदी रुमाल डोक्यावर दाबून धरा आणि मग उजेडात बघा. भजी ठेवलेल्या कागदावर पडतो तसा डाग दिसला तर तेल जास्त आहे. कागद कोरडाच राहिला आणि तरी डोकं चमकत असेल, तर ती कातडीच्या गुळगुळीतपणाची चकाकी. केमो चालू असलेल्या पुष्कळ जणींची डोक्याची कातडी कोरडी पडलेली असते. तिथं दिवसातून तीनदा साबण लावून चकाकी जाणार नाही, उलट खाज सुटेल.

आता आपल्याकडची एक सवय. डोकं उघडं दिसलं की घरातल्या मोठ्या बाईचा हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडं जातो. जावळ काढलेल्या बाळालाही तेल, तिरुपतीहून आलेल्या सुनेलाही तेल. त्यात माया आहे, पण केमोनं गेलेले केस तेल थापून लवकर येत नाहीत. केमोची औषधं शरीरातल्या भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात आणि केसांच्या मुळातल्याही तशाच. औषध थांबलं की मुळं पुन्हा कामाला लागतात. तेल लावायचंच तर रात्री, चार थेंब, हलक्या हातानं. कातडी कोरडी पडली असेल तर त्यानं बरं वाटतं. सकाळी धुऊन टाकायचं. दिवसा तेल लावून बाहेर पडलं की डोकं चमकणारच, आणि रस्त्यावरची धूळही त्याला चिकटणार.

धुण्याचं म्हणाल तर दिवसातून एकदा, कोमट पाण्यानं, सौम्य साबणानं. बाळाच्या अंगाला लावतात तो साबण चालतो. कपड्याचा तर नकोच, शिकेकाईचा रगडूनही नको. पुसताना टॉवेल घासायचा नाही. जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं मऊ धडकं घेऊन टिपायचं. हेच धडकं घडी करून पिशवीत ठेवा. बाहेर असताना घाम-तेल आलं की दाबून टिपा. चकाकी कमी करायचा हा बिनपैशाचा उपाय आहे आणि दिवसातून कितीदाही करता येतो.

कातडी कोरडी असेल तर पातळ लोशन लावा. डबीतलं घट्ट व्हॅसलीन नको, ते स्वतःच चकाकतं. डोकं जरा ओलसर असतानाच थोडं लोशन लावायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि वर राहिलेलं टिपून घ्यायचं. टिपणं विसरलं की पुन्हा फरशी ती फरशीच.

मग पावडर. ताटावर पीठ भुरभुरलं तेच हे काम. साधी टाल्कम पावडर चालते, पण रीत पाळावी लागते. डोकं पूर्ण कोरडं हवं. ओल्या किंवा तेलकट डोक्यावर पावडरीच्या गुठळ्या होतात. डबा थेट डोक्यावर उपडा करायचा नाही, कारण ती भुकटी नाकातोंडात जाते आणि श्वासातून आत जाणं चांगलं नाही. कापसाच्या बोळ्यावर किंवा पफवर घ्यायची, झटकायची आणि उरलेली हलक्या हातानं थापायची. लहान मूल मांडीवर असताना हे करू नका. आणखी एक अडचण आमच्या पार्लरवाल्या ताईंनी दाखवली. आपला रंग सावळा, पावडर पांढरीफेक. डोकं राख फासल्यासारखं दिसतं. चकाकी गेली आणि राख आली, मग काय उपयोग? त्यांनी चेहऱ्याला लावायची, कातडीच्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर लावून दाखवली. कपाळावरून मागे मानेपर्यंत सारखी लावली की डोकं आणि चेहरा एका रंगाचे दिसतात आणि बघणाऱ्याची नजर अडकत नाही. लग्नाला, बारशाला, बँकेत जायचं असेल त्या दिवशी एवढं करावं. रोज शेतात जाताना याची गरज नाही, घामात सगळं वाहून जाईल.

ज्यांनी केस वस्तऱ्यानं काढले आहेत त्यांच्यासाठी एक निराळी गोष्ट. सलूनवाले दादा म्हणाले, "ताई, तुम्ही गुळगुळीत करायला सांगता आणि मग चमकतं म्हणता." त्यांचं बरोबर आहे. वस्तरा केस कातडीलगत कापतो. ट्रिमर मशीन केसांचा बारीक खुंट ठेवते. तो खुंट उजेड विखुरतो. म्हणून चकाकी नको असेल तर वस्तऱ्याऐवजी मशीन चालवायला सांगा. नवस आहे, वस्तराच लागतो, असं असेल तर नवीन ब्लेड डोळ्यांसमोर काढायला लावा. एकाचं ब्लेड दुसऱ्याला वापरलं तर काविळीचा ब प्रकार, सी प्रकार, एचआयव्ही असे रक्तातून पसरणारे आजार येऊ शकतात. यात लाजायचं काही नाही.

आणि ज्यांचा केमो सुरू व्हायचा आहे किंवा चालू आहे, त्यांनी वस्तरा लावूच नये. या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधं कापलं तरी त्यात जंतू शिरून ते चिघळू शकतं. केस साधारण पहिल्या डोसानंतर दोन ते चार आठवड्यांत गळायला लागतात. उशीवर, ताटात, आंघोळीच्या पाण्यात केसांचे पुंजके बघून बाई खचते. त्याआधीच मशीननं बारीक करून घेतले तर तो त्रास पुष्कळ कमी होतो. पुरुषांच्या सलूनमध्ये बसायला बाईला संकोच वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या दोन गटांनी मिळून एक ट्रिमर घेतला आहे. तो घरी जातो, बाई आपल्या अंगणात, आपल्या माणसांत केस काढून घेते. मशीनची पाती दर वेळी स्पिरिटनं पुसायची, एवढा एकच नियम.

तिरुपतीला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी तिथला कल्याणकट्टा पाहिला असेल. मुंडणानंतर तिथं डोक्याला चंदनाचा लेप लावतात. त्यानं गार वाटतं, आणि लेप वाळला की डोक्याची चकाकीही झाकली जाते. निरोगी कातडीला उगाळलेलं खरं चंदन चालतं. बाजारात चंदन म्हणून मिळणारी वासाची पावडर वेगळी, ती लावू नका. वस्तऱ्यानं कातडी हुळहुळली असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं गुलाबी कॅलामाइन लोशन लावता येतं. तेही वाळल्यावर पिठूळ होतं, चमकत नाही. पण ते कातडी कोरडी करतं, म्हणून रोज नको.

आता नको त्या गोष्टी. लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग पडतात, ते महिनोन् महिने जात नाहीत. खायचा सोडा नको. तुरटी नको. मुलतानी मातीचा लेप निरोगी, तेलकट डोक्याला आठवड्यातून एकदा ठीक, केमोवाल्यांना अजिबात नको. मेडिकलवाल्यानं हातात दिलेली कुठलीशी ट्यूब डॉक्टरांना न विचारता लावायची नाही. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि त्यानं कातडी पातळ होते. ज्यांना डोक्यावर किंवा मानेवर रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला लाईट किंवा शेक म्हणतो, ते चालू आहे, त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या जागी काहीच लावू नये. लोशन नाही, पावडर नाही, चंदन नाही. तिथं शाईच्या खुणा केलेल्या असतील तर त्याही घासून काढायच्या नाहीत. डोक्यावर पुळ्या आल्या, लाल झालं, पाणी सुटलं तर दवाखाना. आणि केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला तर रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही.

चकाकीपेक्षा ऊन जास्त त्रास देतं, हे शेतातल्या बाईला सांगायला नको. डोक्यावर केसांचं छप्पर नसलं की कातडी लवकर भाजते. उघड्या डोक्यानं खुरपायला जाऊ नका. सनस्क्रीन घेत असाल तर 30 एसपीएफचं किंवा त्याहून जास्तीचं घ्या, आणि जेल किंवा मॅट लिहिलेलं बघून घ्या, ते चकाकत नाही. पण आमचं मत विचाराल तर शेतासाठी कापडच खरं.

आणि इथंच पदराचा प्रश्न सुटला. पदर घसरतो तो गुळगुळीत डोक्यावरून. आत सुती टोपी घातली की पदर तिच्यावर ठरतो. ही टोपी घरातल्या जुन्या सुती टी-शर्टची होते. डोक्याचा घेर टेपनं मोजा. बाईचा साधारण एकवीस-बावीस इंच भरतो. टी-शर्टच्या खालच्या, आधीच दुमडून शिवलेल्या कडेपासून वर दहा इंच उंचीचा तुकडा घ्या. कापड दुहेरी ठेवून रुंदी साडेदहा इंच धरा, ते ताणलं जातं. वरचे दोन कोपरे वाटीच्या आकारात गोल कापा आणि शिवा. खालची तयार कड कपाळावर येते. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर नाजूक कातडीला ती टोचते. झाली टोपी. वर ओढणी बांधा, पदर घ्या, नाहीतर तशीच घाला. पॉलिस्टर आणि सॅटिन मात्र नको, ते घसरतंही आणि घामही शोषत नाही. आमच्या शिवणकामवाल्या ताईंनी अशा टोप्या लुगड्याच्या काठाची पट्टी लावून केल्या, आणि खरं सांगतो, केस असलेल्या बायकांनीही मागितल्या. नकली केसांचा टोप ज्यांना हवा त्यांनी जरूर घ्यावा, पण स्वस्तातले टोप स्वतःच चकाकतात आणि आपल्या चैत्र-वैशाखात डोक्यावर तापतात.

एवढं सगळं सांगितलं तरी एक गोष्ट उरते. टक्कल पडलेल्या पुरुषाचं डोकंही चमकतं. तो पारावर बसून पान खातो, गावकीत पुढं होऊन बोलतो, त्याला कोणी घरात बसवत नाही. बाईचं डोकं चमकलं की तिचं तिलाच नको होतं. कारण आपल्या भाषेत त्यासाठी एक शब्द आहे, तो शिवीसारखा वापरला जातो, आणि तो तुम्हाला माहीत आहे. नवरा गेला की बाईचे केस काढायचे, तिला लाल आलवण नेसवायचं आणि मागच्या खोलीत बसवायचं, अशी रीत आपल्याकडच्या काही जातींत होती. 1890 साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी एकत्र येऊन ठरवलं, की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर होतं त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. केशवपन गेलं, पण विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं पुढंही चालूच राहिलं. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून त्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

रीत गेली तरी शब्द मागं राहिला. म्हणून सवाष्ण बाईसुद्धा केमोनंतर आरशात बघते आणि दचकते. एका वहिनींना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, पाहुणे आले की आतच थांब. सासूबाई वाईट नाहीत. केमोच्या दिवशी पहाटे उठून डबा त्याच करतात. पण लोक काय म्हणतील ही भीती त्यांच्याही मनात आहे. आम्ही त्या घरी गेलो तेव्हा त्यांना उपदेश केला नाही. टोपीचं माप त्यांनाच घ्यायला सांगितलं. "आत्याबाई, घेर किती भरला?" म्हटल्यावर त्यांनी सुनेच्या डोक्याला टेप लावला. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांचा हात त्या डोक्याला लागला, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

गटातल्या बाकीच्या मैत्रिणींसाठीही दोन शब्द. अशी बाई बैठकीला आली की तिच्या डोक्याकडं टक लावून बघू नका, आणि मुद्दाम नजर चुकवूही नका, ती तिला तितकीच कळते. डोळ्यांत बघून हप्त्याचं विचारा. "कशी गं झालीस" म्हणू नका. ती ट्यूबच्या बरोबर खाली बसली असेल तर सगळ्यांनीच जरा भिंतीकडं सरका. आमच्या त्या बैठकीच्या खोलीत ट्यूब काढून कोपऱ्यात बल्ब लावला. वरून सरळ पडणारा उजेड डोक्यावर चकाकी आणतो, बाजूनं येणारा कमी आणतो. एवढ्यानंही फरक पडला.

केमो संपल्यावर बहुतेकींचे केस एक ते तीन महिन्यांत दिसू लागतात. आधी कापसासारखी मऊ लव येते, कधी कुरळी, कधी वेगळ्याच रंगाची. मग महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढ होते. लव आली की चकाकी आपोआप जाते, त्या दिवशी पावडरीचा डबा ठेवून द्या. त्या वेळी कोणीतरी नक्की सांगेल, की ही लव वस्तऱ्यानं काढून टाक, म्हणजे केस दाट येतील. ऐकू नका. केस किती दाट यायचे ते कातडीच्या आतल्या मुळावर ठरतं, आणि वस्तरा तिथपर्यंत पोचत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो जाड वाटतो, एवढंच. आलेली लव राहू द्या, ऊन्हात जाताना टोपी घाला, आणि टोपीचं माप ज्यांना लिहून घ्यायचं राहिलं असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवताईंकडून घ्या. घेर मोजून, उंची दहा इंच, शिवण बाहेरून.